पुरे

रविवारी सकाळी आठला तुर्कूत अजून रात्रच असते.
औरा नदीवरचा बर्फ सायकलच्या दिव्यात निळसर दिसतो
आणि मी, हिल्का वुओरेला, तिसऱ्या मजल्यावर
एका परक्या माणसाच्या पेशींना भरवायला जाते.

सदतीस अंशांवरचं कपाट. बाटलीत गुलाबी पाणी.
त्यात लिम्फोसाइट, काखेतली गाठ चिरून वेचलेले.
बाटलीवर नाव नाही, आकडा आहे: एकेचाळीस.
नाव त्यानेच लिफ्टमध्ये सांगितलं.
रूनार सेडरहोल्म. तीस वर्षं बेटांच्या गर्दीतून
जहाजं बंदरात आणणारा वाटाड्या.
"माझ्या पोरांना दूध पाजणाऱ्या तुम्हीच का?"

मीच. दुधाचं नाव इंटरल्यूकिन-दोन.
गुलाबी पाण्यात साखर आहे, क्षार आहेत, कशाची वाण नाही,
तरी हा थेंब चुकला तर चार दिवसांत मरतात,
कुणी हाक मारली नाही म्हणून.

अंगात बोलणं चालतं ते असं, प्रथिनांतून.
सर्दी होते, नाकातली एखादी पेशी
मरता मरता इंटरफेरॉन सोडते:
बायांनो, दारं लावून घ्या.
ताप चढतो, मानेत वाटाणे फुगतात,
एकाचे हजार होतात, हजारांचे किती कोण जाणे.
आणि आठवड्याने कुठूनसा शब्द येतो,
पुरे.
लाखोंनी आलेले मुकाट मरून जातात,
मागचं खरकटंही आवरलं जातं,
आपण म्हणतो, आज जरा बरं वाटतंय.

वेइक्काच्या पेशींना तो शब्द ऐकू गेला नाही.
नऊ वर्षांचा होता. रात्री तीनदा उठून
नळालाच तोंड लावायचा.
बेटं स्वादुपिंडातही असतात, इवलीशी,
त्याच्याच लिम्फोसाइटांनी एकेक जाळून टाकलं.
शत्रू नव्हता तिथे कुणी. तेव्हापासून
आमच्या फ्रीजमध्ये लोण्याशेजारी इन्सुलिन असतं.

आणि रूनारच्या गाठीला हाच शब्द पाठ झाला.
तेही शिकवलं कुणी?
पेशी बरोबर पोचल्या होत्या, ओळख पटली होती,
आरोळी ठोकली त्यांनी, तीच, इंटरफेरॉनची,
गाठीने ती नीट ऐकून घेतली
आणि दारावर पाटी लावली: पुरे.
आज्ञाधारक पोरं. उंबऱ्यावरच बसून राहिली.

म्हणून त्यांना बाहेर काढून मी वाढवते.
एक बाटली, मग बारा, मग पिशव्या.
फेब्रुवारीत त्या त्याच्या शिरेत परत गेल्या,
मागोमाग हाकांवर हाका, दर आठ तासांनी.
थंडी भरली, बोटं सुजली, अंगठी कापावी लागली.
आणि हाक ऐकून सगळेच धावतात,
गप्प करणारेसुद्धा. त्यांनाही हेच दूध लागतं.
कोण जास्त प्याले, ते मी लेझरखाली मोजते,
पडद्यावर ठिपके, लाल, हिरवे,
मोजून होतात. कळतात असं नाही.

दहाव्या दिवशी त्याने विचारलं,
"काम झाल्यावर थांबतील ना?
वाटाड्या जहाजावर राहत नाही, बाई.
खोल समुद्र लागला की दोराच्या शिडीने
खाली उतरतो, चालत्या जहाजावरून."
मी म्हटलं, डॉक्टरांना विचारा.
मला खरं तर शिडीबद्दल विचारायचं होतं,
ओली असते का, कोण धरतं.

मार्चच्या फोटोत गाठ थोडी लहान दिसली.
थोडी. सावली असेल, असंही एक जण म्हणाला.

घरी आले. वेइक्का सोळाचा, माझ्याहून उंच,
बुटांसकट सोफ्यावर.
मोजलंस का?
मोजलं. सहा पॉइंट दोन.
खाण्याआधी की नंतर?
आई, पुरे.

मी कोट काढायचा राहिलाच होता, तो काढला.